ज्युरीचं पत्र आलं तर: जखम एक, कलमं तीन



आपल्या ओळखीतल्या कुणाकडे तरी अलीकडे एक पत्र येऊन गेलं असेल. ज्युरी समन्स. अमुक तारखेला अमुक क्राउन कोर्टात हजर राहा, असं त्यात लिहिलेलं असतं. मग घरात चर्चा सुरू होते. अहो, आपला पासपोर्ट तर भारताचा, आपल्याला कसं बोलावलं? काहीतरी गफलत झाली असेल. कळवून टाका, ऑफिसात रिलीज आहे म्हणावं.

गफलत झालेली नसते. भारत राष्ट्रकुलात आहे, त्यामुळे इथे रीतसर व्हिसावर राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही मतदार यादीत नाव घालता येतं. ज्युरीची नावं त्याच यादीतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी निघतात. वय १८ ते ७५ आणि तेराव्या वर्षानंतर या देशात किमान ५ वर्षं वास्तव्य, या मुख्य अटी. डॉक्टर, वकील, अगदी न्यायाधीशसुद्धा २००४ पासून आपोआप सुटत नाहीत. सबळ कारण असेल तर तारीख पुढे ढकलून मिळते. पत्र कपाटात ठेवून दिलं तर मात्र १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

म्हणजे उद्या तुम्ही त्या बारा जणांत असू शकता. क्राउन कोर्टात ज्या प्रकारचे खटले वारंवार येतात त्यातला एक म्हणजे गंभीर मारहाण. चोरीत वस्तू कुणी घेतली हा प्रश्न बराचसा सरळ असतो. मारहाणीत तसं नसतं. पुष्कळदा मारलं कुणी हे सगळ्यांना मान्य असतं, जखमेचे फोटो समोर असतात, आणि तरीही ज्युरीला दोन-दोन दिवस खल करावा लागतो. का, ते आज सांगायचं आहे.

सुरुवातीलाच सांगतो, मी वकील नाही आणि हा कायदेशीर सल्ला नाही. कोर्टात न्यायाधीश जे सांगतील तेच प्रमाण. माझं रोजचं काम संगणक प्रणालींचं. त्या कामात एक सवय लागते: एखादा नियम चार अटींचा असेल, तर चारही पूर्ण झाल्याशिवाय तो लागू करायचा नाही. तीन अटी ठळक दिसतात म्हणून चौथी गृहीत धरायची नाही. फौजदारी कायद्यातला प्रत्येक गुन्हा असाच अटींचा बनलेला असतो. मी बोलतोय ते इंग्लंड आणि वेल्सबद्दल. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे. तिथे ज्युरीत माणसंही पंधरा असतात.

आपण भारतातली वर्तमानपत्रं वाचत मोठे झालो, त्यामुळे ‘३२४ लावलं’, ‘३२६ लागलं’ हे शब्द कानावर असतात. ती भारतीय दंड संहितेची कलमं. संहिता १८६० ची. इंग्लंडमधला कायदा, ऑफेन्सेस अगेन्स्ट द पर्सन ॲक्ट, १८६१ चा. म्हणजे दोघं एका वर्षाच्या अंतराने जन्मलेली भावंडं. पण स्वभाव वेगळे. भारतीय संहितेने गंभीर दुखापत म्हणजे काय याची आठ प्रकारांची यादीच दिली: डोळा जाणं, कान जाणं, अवयव निकामी होणं, हाड मोडणं, दात तुटणं वगैरे. शेवटचा प्रकार असा, की माणूस २० दिवस नेहमीची कामं करू शकला नाही तर तीही गंभीर दुखापत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात हे २० दिवस १५ झाले. यादी तशीच राहिली.

इंग्लंडच्या कायद्यात अशी यादी नाही. इथे शब्द आहेत ‘ग्रीव्हस बॉडिली हार्म’, म्हणजेच जीबीएच. त्याची व्याख्या १८६१ च्या कायद्यात दिलेलीच नाही. हाउस ऑफ लॉर्ड्सने १९६० मध्ये एवढंच म्हटलं, की या शब्दांचा साधा अर्थ घ्या: खरोखर गंभीर इजा. ती खरोखर गंभीर आहे का, हे ठरवायचं कुणी? ज्युरीने. म्हणजे तुम्ही. तिकडे दात तुटला की यादीत खूण होते. इथे बारा माणसांनी विचार करायचा असतो.

आता तीन कलमं. कलम ४७: प्रत्यक्ष शारीरिक इजा, एबीएच. खरचटणं, सुजणं, जखम, किंवा वैद्यकीयदृष्ट्या सिद्ध होणारा मानसिक आजारसुद्धा. कलम २०: जखम करणं किंवा गंभीर इजा करणं. कलम १८: तीच जखम किंवा तीच गंभीर इजा, पण गंभीर इजा करण्याच्या इराद्याने. कलम ४७ आणि कलम २० यांची कमाल शिक्षा ५ वर्षं. कलम १८ ची कमाल शिक्षा जन्मठेप. २० आणि १८ यांत शरीरावरची जखम अगदी तीच असू शकते. फरक आहे तो मारणाऱ्याच्या मनात.

म्हणून एकेक अट वेगळी काढून बघू.

पहिली अट शरीराची. कायद्याच्या भाषेत जखम म्हणजे कातडीचे थर पूर्ण भेदले गेले पाहिजेत. एका खटल्यात छऱ्याच्या बंदुकीचा छरा डोळ्याजवळ लागला, डोळ्याच्या आत रक्त साकळलं. कोर्ट म्हणालं, ही जखम नव्हे, कारण कातडी भेदली गेली नाही. म्हणजे बोटावरची खोल चीर कायद्याने जखम आहे, आणि कातडी शाबूत ठेवून आत मोडलेलं हाड जखम नाही. ते मोडलेलं हाड गंभीर इजा मात्र असू शकतं. गंभीर इजा ठरवताना कुणाला लागलं हेही बघायचं असतं. धडधाकट तरुणाच्या अंगावरचे वळ आणि सतरा महिन्यांच्या बाळाच्या अंगावरचे वळ सारखे मोजायचे नाहीत, हे अपील कोर्टाने २००३ मध्ये स्पष्ट केलं. आणि १९९७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने असंही म्हटलं, की एखाद्या बाईचा महिनोन्महिने पाठलाग करून, फोन करून तिला गंभीर मानसिक आजार जडवला, तर तीही गंभीर इजा. हात न लावता.

दुसरी अट कारणाची. ती इजा आरोपीच्याच कृत्यामुळे झाली का? पुष्कळदा यावर वाद नसतो, पण गर्दीतल्या मारामारीत असतो. कुणाचा ठोसा, कुणाची लाथ?

तिसरी अट बेकायदेशीरपणाची. यात मुख्य प्रश्न स्वसंरक्षणाचा. इथे आपल्या मंडळींचा एक ठाम समज असतो, की स्वसंरक्षण केलं हे आरोपीने सिद्ध करायचं. तसं नाही. तो मुद्दा रीतसर पुढे आला, की ते स्वसंरक्षण नव्हतं हे सरकार पक्षाने सिद्ध करायचं असतं. ज्युरीपुढे प्रश्न दोन. आपल्याला बळ वापरणं भाग आहे असं त्याला त्या क्षणी मनापासून वाटलं होतं का? आणि त्याला जी परिस्थिती वाटत होती तिच्यात त्याने वापरलेलं बळ वाजवी होतं का? धावपळीच्या क्षणी माणूस सोनाराचा काटा घेऊन बसत नाही, हे कायदा मान्य करतो; २००८ च्या कायद्यात तशी तरतूदच आहे. पण समोरचा पडल्यावर, हालचाल थांबल्यावर मारलेली चौथी लाथ? तिथे उत्तर बदलतं.

चौथी अट मनाची. खरी कसोटी इथे.

कलम २० मध्ये एक जुना शब्द आहे, ‘मॅलिशसली’. आपल्याला वाटेल, याचा अर्थ द्वेषाने, दुष्टपणाने. १९५७ च्या एका खटल्यात न्यायाधीशांनी ज्युरीला तसंच सांगितलं होतं. एका माणसाने पैसे चोरण्यासाठी तळघरातला गॅसचा मीटर भिंतीतून उपटला. गॅस झिरपत शेजारच्या घरात गेला आणि तिथे झोपलेल्या बाईच्या जिवावर बेतलं. वरच्या कोर्टाने शिक्षा रद्द केली. चोरी हे दुष्ट कृत्य खरंच, पण कायद्याचा प्रश्न वेगळा होता: अशी इजा होऊ शकते हे त्याच्या स्वतःच्या ध्यानात आलं होतं का, आणि येऊनही त्याने तो धोका पत्करला का? तेव्हापासून ‘मॅलिशस’चा अर्थ हाच. कलम २० साठी गंभीर इजेचीच कल्पना असायला हवी असंही नाही. थोडीफार इजा होईल एवढं जरी मनात आलं असेल, तरी पुरे.

कलम १८ चं तसं नाही. तिथे धोका पत्करणं पुरत नाही. गंभीर इजा करण्याचा इरादा लागतो. अटक टाळण्यासाठी केलेला हल्लाही या कलमात येतो, पण तो भाग आज बाजूला ठेवू. इरादा नुसत्या छोट्या जखमेचा असेल तरी कलम १८ लागू होत नाही. गंभीर इजेचाच हवा. आणि इथे आपली मराठी थोडी घोटाळा करते. आपण ‘हेतू’ हा शब्द दोन अर्थांनी वापरतो. का केलं, तोही हेतू, आणि काय करायचं होतं, तोही हेतू. कायद्यात पहिल्याला फारसं स्थान नाही. बहिणीची छेड काढली म्हणून मारलं, पैसे बुडवले म्हणून मारलं, हे कारण झालं. शिक्षा ठरवताना न्यायाधीश ते बघतील. ज्युरीला शोधायचा असतो तो इरादा: हात उगारला तेव्हा त्याला समोरच्याचं काय करायचं होतं?

याचं उत्तम उदाहरण १९९१ साली हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे आलं. एका बाईला पबमध्ये आपल्या नवऱ्याची जुनी मैत्रीण भेटली. हिने हातातल्या ग्लासातली बिअर तिच्या अंगावर फेकली. ग्लास हातातून सुटला, फुटला आणि मैत्रिणीचं मनगट कापलं. ही म्हणाली, मला फक्त बिअर फेकायची होती. आता लावा अटी. मनगटावर जखम आहे? आहे. हिच्या कृत्याने झाली? झाली. स्वसंरक्षण? नाही. उरलं मन. थोडीफार इजा होईल हे तिच्या ध्यानात आलं होतं का, हा प्रश्न ज्युरीपुढे नीट ठेवलाच गेला नव्हता, म्हणून कलम २० ची शिक्षा टिकली नाही. पण अंगावर बिअर फेकणं हाच मुळात हल्ला, आणि त्या हल्ल्यातून इजा झाली, एवढ्यावर कलम ४७ लागू झालं. त्या कलमासाठी इजेची पूर्वकल्पना लागत नाही. आता समजा, तोच ग्लास कुणी आधी टेबलावर आपटून फोडला आणि काचेचं टोक समोरच्याच्या मनगटावर ओढलं. जखम कदाचित तेवढीच असेल. कलम मात्र १८ च्या दारात जाऊन उभं राहील.

पण मनातलं दिसणार कसं? मनाचा एक्स-रे निघत नाही. १९६७ च्या कायद्याने ज्युरीला वाट दाखवली आहे: एखाद्या कृत्याचा परिणाम अमुक होतो, एवढ्यावरून त्याला तोच परिणाम हवा होता असं मानायला ज्युरी बांधील नाही. सगळा पुरावा एकत्र बघून काय निष्कर्ष निघतो ते ठरवायचं. हत्यार बरोबर आणलं होतं की हाताला लागेल ते उचललं? घाव किती? कुठे घातले, दंडावर की मानेवर? आधी काय मेसेज पाठवले? नंतर पळाला की ॲम्ब्युलन्स बोलावली? यातली एकही गोष्ट एकटी निर्णायक नसते. एकत्र ठेवल्या की चित्र दिसायला लागतं.

दारूचा प्रश्न हमखास येतो. प्यायलेला होता, त्याला काय भान? कलम १८ मध्ये, तो इतका प्यायलेला होता की इरादा मनात धरलाच नाही, असा बचाव होऊ शकतो. पण दारूच्या नशेत धरलेला इरादा हाही इरादाच. कलम २० आणि ४७ मध्ये तर स्वतःहून प्यायलेल्या दारूची ढाल चालतच नाही. हाउस ऑफ लॉर्ड्सने १९७६ मध्ये ते पक्कं केलं.

एवढं सगळं का सांगतोय? ज्युरीच्या खोलीत आपली सगळ्यांत मोठी फसगत कुठे होण्यासारखी आहे, ते आता सांगतो. पहिल्याच दिवशी तुमच्यासमोर फोटो येतात. चेहऱ्यावर टाके, सुजलेला डोळा. तुमच्या पोटात कालवतं. त्याची आई तिथेच बसलेली असते. मग मन म्हणतं, एवढी भयंकर जखम करणाऱ्याला तेवढंच करायचं होतं, अजून काय पुरावा हवा? इथे थांबायचं. जखमेचा फोटो पहिल्या अटीचा पुरावा आहे. चौथ्या अटीसाठी तो फार तर एक धागा. एकच ठोसा, माणूस मागे पडला, डोकं फरशीच्या कडेवर आपटलं: इजा भयंकर, पण इरादा तेवढा होता का? उलटही होतं. सुरा नेम धरून मारला, समोरचा सरकला, बाहीबरोबर थोडी कातडी कापली: जखम छोटी, इरादा मोठा. जखम बघून मन मोजायचं नाही. आजच्या बोलण्यातली ही एक गोष्ट लक्षात राहिली तरी बस.

दुसरी फसगत आपल्या चष्म्याची. आरोपी चांगल्या घरचा वाटतो, शिकलेला आहे, म्हणून ‘असा मुलगा असं करणार नाही’. किंवा हूड घातलेला आहे, म्हणून ‘ही पोरं अशीच’. आपल्याकडच्या ज्युरीची शेवटची मोठी आठवण म्हणजे १९५९ चा मुंबईचा नानावटी खटला. नौदलातला रुबाबदार अधिकारी, वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलेला. ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी त्याला निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि तिथे जन्मठेप झाली. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या आई-वडिलांनीही ज्युरी फक्त सिनेमात पाहिली. त्यामुळे हे काम आपल्या अंगवळणी नाही, आणि म्हणूनच तयारी हवी.

खोलीत गेल्यावर पद्धत साधी असते. अनेकदा कलम १८ आणि त्याला पर्याय म्हणून कलम २० असे दोन्ही आरोप समोर असतात. न्यायाधीश बहुधा प्रश्नांची लेखी यादी देतात, क्रमाने. पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो आलं तरच दुसरा. प्रत्येक अटीबद्दल तुमची खात्री झाली पाहिजे. ‘बहुतेक असंच असेल’ हे चालत नाही. इरादा होता याची खात्री नाही, पण थोडीफार इजा होईल हे त्याला कळत होतं याची आहे, तर कलम १८ मधून निर्दोष आणि कलम २० खाली दोषी, हा पूर्ण आणि प्रामाणिक निवाडा आहे. कुणाला सोडून दिलं असं त्यात काही नाही. आधी एकमत शोधायचं. न्यायाधीशांनी परवानगी दिली तरच १० विरुद्ध २ चालतं.

आपल्या आयटीवाल्यांना एक खास सूचना. संध्याकाळी घरी येऊन आरोपीचं नाव, पबचं नाव, काहीही नेटवर शोधायचं नाही. २०१५ च्या कायद्याने तो गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि खोलीत कोण काय बोललं ते नवऱ्याला, बायकोला, व्हॉट्सॲपवर, कुणालाही सांगायचं नाही. खटला संपल्यावरही नाही. इंग्रजी पुरेसं समजत नाही असं वाटलं, तर ते संकोच न करता कोर्टाला आधीच सांगा. न कळता मान डोलावण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

शेवटी एक घरातली गोष्ट. जो कायदा तुम्ही ज्युरीत बसून लावाल, तोच युनिव्हर्सिटीत गेलेल्या आपल्या मुलांनाही लागू आहे. मुलांना वाटतं, मारलं मित्राने, मी नुसता बरोबर होतो. २०१६ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने या बाबतीतला जुना, कडक नियम चुकीचा ठरवला. नुसतं तिथे असणं किंवा पुढे काय होईल याची कल्पना असणं म्हणजे आपोआप गुन्हा नव्हे. मदत करण्याचा किंवा चिथावण्याचा इरादा लागतो. पण ‘मार त्याला’ हे दोन शब्द, किंवा वाट अडवून उभं राहणं, यावरून तो इरादा सिद्ध होऊ शकतो. आणि मूल पोलीस ठाण्यात पोचलंच, तर जबाब देण्याआधी तिथे मोफत मिळणारा वकील मागायचा. ‘आपण काही केलं नाही, मग वकील कशाला’ हा बाणेदारपणा तिथे कामाचा नाही. १८ वर्षांखालच्या मुलाबरोबर पालक किंवा दुसरी योग्य प्रौढ व्यक्ती असावीच लागते. हे त्यांना आजच जेवताना सांगा.

तर पत्र आलं, तर घाबरू नका आणि टाळूही नका. काँट्रॅक्टवर काम करणाऱ्यांचं नुकसान होतं हे खरं, कोर्टाचा भत्ता तुमच्या दिवसाच्या दराच्या जवळपासही जात नाही. पण त्या दोन आठवड्यांत एका माणसाची पुढची कित्येक वर्षं तुमच्या हातात असतात, आणि ज्याच्या मनगटावर ते टाके आहेत त्याचा न्यायही. शरीर, कारण, बेकायदेशीरपणा, मन. चारही प्रश्न, याच क्रमाने, एकही न गाळता. दोघांनाही आपल्याकडून एवढंच हवं असतं.